एअर रायफलची बॅरल खरंच झिजते का? मुलीचा स्कोअर पडलाय, जाणकारांनी सांगा

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर रायफल करते. २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मारलं तेव्हा तिनं हट्टच धरला आणि आपल्याकडं क्लासला जायला लागली, लई मन लावून करते. रायफल सेकंडहँड घेतलीय, जर्मन मॅच रायफल, सिलिंडरवाली. आधी कुणी किती मारलीय काही कल्पना नाही.

दिवाळीपर्यंत ६० शॉटला ६१२ च्या आसपास मारायची. आता ६०० च्या वर जाईना. प्रॅक्टिस तेवढीच, झोप तेवढीच, आणि घरी आली की दप्तर फेकून कोपऱ्यात बसते. ज्यांच्याकडनं रायफल घेतली त्यांना फोन केला तर म्हणाले बॅरल गेली असेल, बदलून घ्या, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोनच ठेवला. हीच मंडळी विकताना बॅरल नव्यासारखी आहे म्हणत होती.

माझा प्रश्न साधा आहे. छर्रा शिशाचा, मऊ. मागं दारू नाही, नुसती हवा. मग स्टीलची बॅरल झिजते कशी? आणि झिजलीय का नाही हे घरच्या घरी कळतं का? कृपया नीट सांगा, पोरीच्या तोंडाकडं बघवेना.

होटगीरोडचा_बाळ

काका गड्डा जत्रेतल्या फुगेवाल्याला दाखवा की ओ. त्याच्या बंदुकीची बॅरल आतनं पाइपासारखी गुळगुळीत झालीय, साईट एका बाजूला वाकलीय, तरी आमच्या गल्लीतला एक जण दरवर्षी तिथनं टेडी घेऊन येतो.

पार्कचौक

बाळ्या, फुगा दीड वीत लांब असतोय बे, आणि अंतर तीन पावलं. तिथं चप्पल फेकून मारली तरी फुटतंय. इथं काका अर्ध्या मिमीचं विचारूलालेत.

रेंजमास्तर

जुळेसोलापूरकर, पहिलं म्हणजे एक रुपया पण खर्च करू नका. मी पोरं शिकवतो, क्लबच्या जुन्या जुन्या रायफली हाताखालनं गेल्यात. शिशाच्या छर्र्यानं मॅच एअर रायफलची बॅरल झिजून बाद झाली असं मी तरी बघितलेलं नाही. छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं जातो, उष्णता नाही, ज्वाळा नाही, आणि शिसं स्टीलपुढं काहीच नाही. बॅरल खराब होते ती माणसाच्या हातानं होते. चुकीच्या रॉडनं घासून, तोंडावर आपटून, ओली ठेवून.

आता मला एवढं सांगा. छर्रे कोणते, आणि दिवाळीनंतर नवीन डबा काढला का? डब्यावर हेडचा साइज काय लिहिलाय? बॅरल कशानं साफ करता आणि कुठल्या बाजूनं? रायफल टेकवून ग्रुप मारून बघितलाय का, म्हणजे एकाच जागी पाच छर्रे मारून ते किती फाकतात ते? आणि पोरगी नववीत आहे म्हणता तर गेल्या सहा महिन्यात उंची वाढली का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

हवालदार_निवृत्त

रेंजमास्तर बरोबर बोलले, पण बॅरल झिजतच नाही असं पोरांच्या डोक्यात बसू नये म्हणून लिहितो. मी एसआरपीत आर्मररचं काम केलं, सोरेगावच्या कॅम्पात. आमच्याकडं एसएलआर होत्या, नंतर इन्सास आल्या. तिथं बॅरल खरंच जाते. चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) पुढं जिथं आटे, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, सुरू होतात ती जागा पहिली जळते. दारूचा जाळ तिथं सगळ्यात जास्त गरम असतो, स्टीलवर बारीक भेगा पडतात, मग त्या भेगांच्या कडा प्रत्येक गोळीबरोबर थोड्या थोड्या जातात. गोळीवर तांब्याचा पत्रा असतो तो पण आट्यांमध्ये थर धरतो. भराभर फायर केलं की बॅरल तापते आणि ग्रुप उघडतो, सरकतो. थंड होऊ दिली की परत जागेवर. थंड होऊन पण जागेवर आला नाही तर मग गेज लावून बघायचं.

आणि जुन्या ३०३ रायफलीची वेगळीच गोष्ट. त्या रायफली गोळीनं कमी आणि पुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायला आतनं ओढतात त्या दोरीनं जास्त मेल्या. दोरीला माती लागलेली, जवान ती तिरकी ओढणार, एकाच बाजूला घासणार, वर्षानुवर्षं. बॅरलच्या तोंडाशी दोरीनं चक्क खाच पाडलेली मी बोट लावून बघितलीय, नखाला लागते. आतनं आरशासारखी बॅरल आणि ग्रुप ताटाएवढा, कारण काय तर ती एक खाच.

एनसीसीचा_बच्चा

काका एकदम आठवण काढली. आम्हाला चिंदीचं माप पाठ करायला लावायचे, सफाईला ४ बाय २ इंच, तेलाला ४ बाय दीड. माप चुकलं की मैदानाला फेरी. तेव्हा वाटायचं यात काय एवढं, चिंदी ती चिंदी.

हवालदार_निवृत्त

बच्चा, त्यात लई काही आहे. मोठी चिंदी घातली की ती नळीत अडकते, मग ती काढायला कुणीतरी तार घालतो, सळई घालतो, आणि तिथंच आट्यांची वाट लागते.

३०३ चं अजून एक. तिच्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधनं (दारू पेटवणारा मसाला) एक प्रकारचं मीठ नळीत उरायचं. तेलानं मीठ विरघळत नाही. तेल कितीही फासा, खालनं गंज चालूच. म्हणून नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडं करायचं आणि मग तेल. ज्यांनी पाण्याचा कंटाळा केला त्यांच्या बॅरली आतनं खड्डे पडून गेल्या.

यंत्रमाग

मला रायफलीतलं काही कळत नाही, आमचा टॉवेलचा धंदा. पण माझ्या भाच्यानं त्याच्या एअरगनला आमच्या कारखान्यातले टॉवेलचे तुकडे वापरले साफ करायला, फुकट मिळतात म्हणून. मी बघितलं तर सगळीकडं सुताचे तंतू. टेरी टॉवेलला लूप असतात, एखादा लूप कशात अडकला की धागा ओढून येतो आणि आत राहतो. साफ करायचं असेल तर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर नाहीतर फ्लॅनेल घ्या. टॉवेलनं अंग पुसा.

मृण्मयी_५०मी

यंत्रमाग काका, हा सल्ला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, एकदम बरोबर. फक्त एअर रायफलला कापड कमीच वापरावं, त्यासाठी फेल्टच्या छोट्या गोळ्या मिळतात. दोन-तीन फेल्ट घालून नुसत्या हवेनं मारायच्या, काळ्या होऊन बाहेर येतात. पांढऱ्या यायला लागल्या की बास.

मी सोलापूरचीच, सध्या पुण्यात बालेवाडीला ५० मीटर करते. काका, तुमचा आकडा वाचला आणि राहवलं नाही म्हणून हिशोब मांडते, सगळ्यांच्याच कामाचा आहे.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा. छर्रा साडेचार मिमीचा. छर्र्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्र्याचं सेंटर टार्गेटच्या सेंटरपासून अडीच मिमीच्या आत पाहिजे. या अडीच मिमीचे दहा भाग पाडलेत, एकेक पाव मिमीचा. पाव मिमीच्या आत १०.९, अर्ध्याच्या आत १०.८, असं उतरत उतरत अडीचला १०.०.

आता रायफल घट्ट टेकवून पाच छर्रे मारा. समजा सगळे मिळून जे भोक पडलं ते बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ७ मिमी आलं. त्यातनं छर्र्याचे साडेचार वजा केले, उरले अडीच. म्हणजे मध्यापासून फार तर सव्वा मिमी इकडंतिकडं. तर नेम एकदम मधोमध असताना पण त्या रायफलीचा सगळ्यात वाईट शॉट १०.५. चांगल्या रायफलीचं भोक साडेपाच मिमीच्या आसपास येतं, तिथं सगळ्यात वाईट शॉट १०.८. यावरनं दोन गोष्टी कळतात. ७ मिमीवाल्या रायफलनं पण नेम बरोबर असेल तर नऊ लागू शकत नाही, नऊ लागला तर तो शॉट हातातनं गेलाय. आणि दुसरं, ६१२ वरनं ६०० म्हणजे ६० शॉटमध्ये १२ पॉइंट, एका शॉटला ०.२, म्हणजे सरासरी अर्धा मिमी बाहेर. हा अर्धा मिमी रायफलीतनं पण येऊ शकतो आणि पोरीकडनं पण. टेकवून मारल्याशिवाय सांगता येत नाही.

कागदावर भोक फाटून जरा बारीक दिसतं म्हणून जाड मॅच कार्डच वापरा, वहीचा कागद नको.

शेंगाचटणी

अर्ध्या मिमीवर पोरीची रात्रीची जेवणं बंद पडलीत. लई अवघड खेळ आहे बाबा. आम्हाला कॅरमची सोंगटी फुटात मिळाली तरी बास.

लेथवाला_एमआयडीसी

अक्कलकोट रोडला आपलं वर्कशॉप आहे. बॅरलच्या तोंडाला मार लागला असेल तर घेऊन या, लेथवर सेंटर लावून तोंड नवीन कापून देतो, एका चहात काम. गोळी बाहेर पडताना शेवटचं तिला शिवतं ते तोंडच, तिथं एका बाजूला चिर असली की मागची हवा त्या बाजूनं आधी सुटते आणि गोळीला ढकलते. हवालदार साहेबांनी सांगितलेल्या खाचेचं पण तेच झालं. बाकी नळी कशी का असेना, तोंड काटकोनात आणि स्वच्छ पाहिजे.

रेंजमास्तर

लेथवाले दादा, तोंडाबद्दल जे लिहिलं ते शंभर टक्के बरोबर, पण मॅच एअर रायफलचं तोंड कापायला कुणाला बोलावू नका ही विनंती. बऱ्याच मॅच बॅरलला तोंडाजवळ चोक दिलेला असतो, म्हणजे शेवटच्या भागात नळी किंचित आवळलेली असते, छर्रा तिथनं एकसारखा होऊन बाहेर पडतो. तुम्ही तोंड मागं कापलं की तो चोकच गेला. मग बॅरल खरंच बदलावी लागेल.

लेथवाला_एमआयडीसी

मास्तर मी काय इंचभर कापायला बसलो नाही. तोंडावरनं दोन दशांश मिमी घेतलं की बहुतेक चिरा जातात. त्यानं चोकला काय होतंय?

रेंजमास्तर

दोन दशांशाचं मान्य. पण तेवढ्यासाठी बॅरल सुट्टी करायला लागते, परत बसवताना ती जिथं होती तिथंच बसली पाहिजे, स्क्रू एकसारखे आवळायला पाहिजेत. हे ज्यानं त्या कंपनीची रायफल उघडलीय त्यानंच करावं असं माझं म्हणणं. आणि आधी तोंडाला मार लागलाय हे तरी कळू दे. साधी तपासणी आहे, सिलिंडर काढा, बोल्ट उघडा, आत छर्रा नाही हे डोळ्यानं बघा, मग कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरनं गोल फिरवा. जिथं धातूची बारीक कड उभी राहिली असेल तिथं कापसाचा तंतू अडकतो. सगळीकडं गुळगुळीत फिरली तर तोंड ठीक.

लेथवाला_एमआयडीसी

हे पटलं. बोअर बघायला आम्ही पण हेच करतो. काडी फिरवा आधी, अडकली तर बघू.

जुळेसोलापूरकर

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. रेंजमास्तर, तुमची उत्तरं. छर्र्याचा डबा दिवाळीनंतर नवीन घेतला हे खरं, कंपनी तीच, पण आता बघितलं तर जुन्या डब्यावर ४.५० आहे आणि नवीनवर ४.४९. दुकानात जो होता तो घेतला. साफसफाई मुलगीच करते, फेल्टनं, मागच्या बाजूनं. टेकवून कधी मारलं नाही. उंची वाढलीय, शाळेचे सलवार नवीन शिवायला टाकलेत.

कापसाची काडी आज रात्री फिरवतो.

पार्कचौक

४.४९ आणि ४.५० मध्ये एका मिमीचा शंभरावा भाग आहे. एवढ्यानं काय होणार? हे सगळं छर्रे विकायचे धंदे वाटतात मला.

मृण्मयी_५०मी

पार्कचौक दादा, होतं. कधी होतं, कधी अजिबात होत नाही, हेच तर सांगता येत नाही म्हणून टेस्ट करायची. छर्र्याचं डोकं आट्यांवर टेकतं आणि मागचा घागरा हवेनं फुलून नळी बंद करतो. डोकं त्या बॅरलला सैल असेल तर छर्रा नळीत सरळ बसत नाही. एकाच्या रायफलीला ४.४९ आवडतं, शेजारच्याच लेनवरच्या त्याच मॉडेलला ४.५१. साइज तोच असून लॉट बदलला तरी फरक पडतो. डब्याच्या तळाला लॉट नंबर असतो, चांगला लॉट सापडला की शूटर लोक तो लॉट वर्षाचा भरून ठेवतात.

.२२ मध्ये, म्हणजे आमच्या ५० मीटरच्या दारूगोळीच्या रायफलीत, तर हे इतकं मोठं आहे की टॉपचे शूटर रायफल घेऊन बर्मिंगहॅमला एलीकडं नाहीतर जर्मनीत लापुआकडं, या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांकडं, जातात. तिथं बॅरल पक्की आवळून एकेक लॉट मारून बघतात आणि जो सगळ्यात घट्ट ग्रुप देईल तो विकत घेतात. तीच बॅरल, तीच कंपनी, तोच ब्रँड, आणि ग्रुप दीडपट. बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही.

एनसीसीचा_बच्चा

मृण्मयी ताई, .२२ ची बॅरल पण झिजत नाही का? आणि साफ किती वेळा करायची? एक जण सांगतो रोज कर, दुसरा सांगतो हातच लावू नको.

मृण्मयी_५०मी

दोघं पण आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत. .२२ ची गोळी उघड्या शिशाची, वर मेणाचा नाहीतर ग्रीसचा हात असतो, वेग आवाजाच्या जरा खाली, त्यामुळं मोठ्या रायफलीसारखी ती जळत नाही, हजारो राउंड जाते. पण चेंबरच्या अगदी पुढं काजळीची एक कडक रिंग धरते. .२२ च्या काडतुसाच्या प्रायमरमध्ये काचेची बारीक पूड पण असते, ती सगळी तिथंच घासते. ती रिंग जाड झाली की गोळी आत शिरतानाच ओरखडते आणि अधनंमधनं एखादा शॉट कारण नसताना आठात जातो. कुठलाही शूटर पहिल्यांदा स्वतःला दोष देतो, मग वाऱ्याला. रिंगेकडं लक्षच जात नाही.

म्हणून मी मॅचच्या दिवशी कधीच साफ करत नाही. साफ केलेल्या नळीत मेणाचा थर परत बसायला बरेच राउंड लागतात, तोपर्यंत ग्रुप भटकतो. आदल्या दिवशी साफ करायची, प्रॅक्टिसमध्ये थर बसवायचा. एकसंध रॉड, वरनं प्लास्टिकचा लेप असलेला, मागनं बोअर गाइड लावून. तीन तुकडे जोडायचा रॉड असतो त्याच्या सांध्यांची कड आट्यांना लागते, तो घेऊ नकोस.

हवालदार_निवृत्त

मृण्मयीबाई, साफ करून लगेच बॉक्समध्ये घालू नका हे पण सांगा पोरांना. त्या बॉक्सातला फोम घाम आणि दमट हवा धरून ठेवतो. आपल्याकडं सोलापुरात आठ महिने कोरडं असतं म्हणून लोक बेफिकीर राहतात, आणि जुलैत एक झड लागली की बॅरलवर बोटांच्या ठशांचा गंज. अगदी बोटाच्या रेषा दिसतात गंजात. हात लावला की सुक्या फडक्यानं पुसायचं, वरनं तेलाचा हलका हात.

होटगीरोडचा_बाळ

माझी साधी स्प्रिंगवाली आहे, नळी मोडून छर्रा घालायची. मी आतनं शिलाई मशीनचं तेल सोडतो, मस्त ठो आवाज येतो आणि जोरात पण जाते. हे चालतंय ना?

रेंजमास्तर

अजिबात चालत नाही बाळ, आजपासून बंद कर. तो ठो आवाज म्हणजे आत तेलाचा भडका होतोय, डिझेल इंजिनासारखा. त्यानं स्प्रिंग तुटते, सील जळते, आणि छर्रा दर वेळी वेगळ्या वेगानं जातो. सिलिंडरवाल्या रायफलीत तर दाबाच्या हवेशी तेलाचा संबंध येऊच द्यायचा नाही, तिथं दोनशे बारचा दाब असतो, जीवाशी खेळ होईल. तेल फक्त बॅरलच्या बाहेरनं. आतनं फेल्ट, कोरडी.

होटगीरोडचा_बाळ

बरं मास्तर. बंद. लायसनचं पण एकदा सांगा, घरचे रोज विचारतात.

रेंजमास्तर

४.५ मिमी पर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर लायसन लागत नाही. बिल मात्र जपून ठेव, आणि गच्चीवर कबुतरांना मारत असशील तर माझ्याशी बोलू नकोस.

शेंगाचटणी

इथं मध्येच विचारतो, कोल्हापूरला एवढे शूटर का निघतात? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता कुसाळे. पाणी वेगळं आहे का तिकडचं?

मृण्मयी_५०मी

पाणी नाही, रेंज आहे. दुधाळीला शहराच्या मधोमध पोरांना रोज जाऊन मारता येतं, आणि समोर मोठी मंडळी मारताना दिसतात. तेजस्विनीताई २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायचा प्रकार) वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, ते बघत वाढलेली पोरं आहेत ती. कुसाळेदादा तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, खेड्यातले. आपल्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला जॅकेट घालून पोरं उभी राहतात. त्या जॅकेटमध्ये घाम पायापर्यंत येतो. जिद्द कमी नाही हो आपल्या पोरांत, ५० मीटरची रेंज मिळाली पाहिजे. .२२ मारायला मला रातोरात पुणं गाठायला लागायचं.

पार्कचौक

याला मात्र पूर्ण सहमत. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये रायफलची पेटी मांडीवर घेऊन बसलेली पोरं मी बघितलीत. लोक विचारतात कॅसिओ आहे का गिटार.

जुळेसोलापूरकर

मंडळी, टेस्ट झाली, सविस्तर लिहितो.

कापसाची काडी तोंडावरनं फिरवली, कुठंच अडकली नाही. टॉर्च लावून बघितलं, मागनं, बोल्ट उघडून. आटे तोंडापर्यंत स्वच्छ दिसतात. फक्त तोंडाच्या पुढं जो छोटा डबीसारखा भाग असतो, ज्यातनं हवा बाजूला निघून जाते, तो हाताला किंचित हलत होता. आतनं करड्या शिशाच्या भुकटीचा थर. पोरीनं ब्रशनं साफ केला, मास्तरांच्या फोनवरच्या सूचनेप्रमाणं स्क्रू आवळला.

टेकवायला वाळूची पिशवी नव्हती, तर माझ्या जुन्या पँटचे पाय कापून त्यात मालदांडी ज्वारी भरून शिवल्या आईनं. एकदम घट्ट बसते, रायफल त्यात रुतून राहते. दर वेळी पाच पाच छर्रे, जाड कार्डावर, दहा मीटरला. जुन्या डब्यात तळाला थोडे उरले होते, ४.५०, त्याचं भोक साडेपाच ते सहा मिमीच्या मध्ये आलं. नवीन डब्याचं आठ, एकदा तर साडेआठ, खाली डावीकडं एक छर्रा वेगळाच. दोन्ही परत परत करून बघितलं, तसंच. आईला विचाराल तर ती म्हणते आता ही ज्वारी दळायला मिळणार का नाही.

म्हणजे बॅरल चांगली आहे ना?

मृण्मयी_५०मी

काका, बॅरल एकदम ठणठणीत आहे! साडेपाच-सहा देणारी नळी झिजलेली असूच शकत नाही. आठ मिमीचा हिशोब करा, साडेतीन उरतात, म्हणजे पावणेदोन मिमी पर्यंत बाहेर, नेम बरोबर असताना सगळ्यात वाईट शॉट १०.३. पोरगी इतके दिवस या डब्यानं ६०० मारत होती याचं मला कौतुक वाटतं. तिला माझ्याकडनं सांगा.

हवालदार_निवृत्त

ज्वारीच्या पिशव्या झकास. आम्ही पोत्यात माती भरायचो, ती गळायची.

पार्कचौक

शंभराव्या भागाबद्दलचं माझं बोलणं मागं घेतो. आकडे समोर आहेत.

रेंजमास्तर

फार चांगलं काम केलंत. पण एक सांगतो, सगळं छर्र्यावर टाकून मोकळे होऊ नका. रायफलीचं फाकणं आणि पोरीचं हलणं यांची सरळ बेरीज होत नाही, मोठं जे असतं तेच जास्त बोलतं. या वयात आणि या स्कोअरला पोरीचं स्वतःचं हलणं त्या आठ मिमीपेक्षा मोठं असणार. त्यामुळं डबा बदलल्यावर पाच-सात पॉइंट परत येतील असा माझा अंदाज, बाराच्या बारा नाही. बाकीचे त्या नवीन शिवलेल्या सलवारमध्ये आहेत. उंची वाढली म्हणजे खांदा वर गेला, हात लांब झाला, मान पुढं वाकायला लागली असेल. बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) जुन्याच जागी असेल तर ती रायफलीशी जुळवून घेत मारतेय. रायफल तिच्याशी जुळली पाहिजे. रविवारी सकाळी तिला जॅकेट, बूट सगळं घेऊन आणा, आधी डोळे मिटून उभी करू, मग बटप्लेट आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) लावू. त्या दिवशी स्कोअर मोजायचा नाही.

आणि सिलिंडरवरची तारीख बघून या. सेकंडहँड घेतलीय तर कधीची आहे ते शिक्क्यावर कळेल. मुदत संपलेली असली तर मॅचला इक्विपमेंट कंट्रोलवर अडवतात, आणि त्याहून जास्त म्हणजे ती भरायलाच नको.

जुळेसोलापूरकर

तारीख बघितली मास्तर, अजून मुदत आहे. रविवारी साडेसातला येतो. तिला धागा वाचायला दिला, मृण्मयी ताईंचा हिशोब तिनं वहीत उतरून घेतला आणि आता मलाच समजावून सांगतेय. ४.५० चा डबा सोलापुरात कुठं मिळेना, कुणी पुण्याहून येणार असेल तर सांगा.

मृण्मयी_५०मी

मी शनिवारी रात्री घरी येतेय. जुन्या डब्याच्या तळाचा फोटो टाका, तोच लॉट मिळतो का बघते. नाही मिळाला तर ४.४९, ४.५०, ४.५१ चे थोडे थोडे वेगवेगळ्या लॉटचे आणते, ज्वारीच्या पिशव्या घेऊन शेडवर या, तिथंच टेस्ट करू. मग जो बसेल तो भरून ठेवा.

लेथवाला_एमआयडीसी

मी पण येतो रविवारी. कधी बघितलं नाही आतनं कसं असतं ते. मास्तर, टॉर्च आणि भिंग घेऊन येऊ का?

रेंजमास्तर

या की दादा. भिंग जरूर आणा, आमच्या क्लबच्या दोन रायफलींची तोंडं मला तुम्हाला दाखवायचीच आहेत.